देणं आधी, दान नंतर

दुबईतल्या एका चर्चमध्ये मी गेली आठ वर्षं सात ते दहा वयाच्या मुलांचा वर्ग घेते. आमच्याकडे नगर जिल्ह्यात याला शब्बाथ शाळा म्हणत, इथे किड्स चर्च म्हणतात. 2022 च्या जानेवारीत अमिरातीची साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली, तोवर आमची ही रविवारची शाळा शुक्रवारी भरायची. वार बदलला, धडे तेच राहिले. त्यातला एक दरवर्षी येतो : पैसा आणि समाधान.

गेल्या वेळी तो धडा संपवताना मी मुलांना विचारलं, "तुमच्या ओळखीतलं सगळ्यात समाधानी माणूस कोण?" एकाने आजीचं नाव घेतलं, एकीने पास्टरांचं. मग आठ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "आमची दीदी. ती कधीच काही मागत नाही."

दीदी म्हणजे त्यांच्या घरी राहून काम करणारी बाई. त्या वेळी ती वर्गाबाहेर, कॉरिडॉरमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मुलीचं जॅकेट आणि पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती.

मुलीचं काहीही चुकलं नव्हतं. आम्ही जे शिकवलं तेच तिने अचूक टिपलं होतं : जो मागत नाही तो समाधानी. म्हणून माझं भांडण त्या मुलीशी नाही, तिच्या आईवडिलांशीही फारसं नाही. माझं भांडण आमच्या धड्याशी आहे. आणि हा धडा काही फक्त चर्चमध्ये शिकवला जात नाही. संस्कारवर्गात, बालविहारात आणि आपापल्या जेवणाच्या टेबलावर तोच चालतो. त्यामुळे ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनी 'हे त्यांचं आहे' म्हणून पान उलटू नये.

आधी आमचा वर्ग चालतो कसा ते सांगते. वचन पाठ केलं की एक टोकन. वेळेवर आलं की एक टोकन. बायबल सोबत आणलं की आणखी एक. कुठे याला 'बायबल बक्स' म्हणतात, कुठे नुसते पॉइंट्स. ते कार्डावर साठतात आणि तीन महिन्यांनी 'स्टोअर' उघडतं. तिथे पेन्सिली, स्टिकर, चॉकलेटं, एखादा फुटबॉल. समाधानाचं वचन पाठ केल्याबद्दल मिळालेलं टोकन घेऊन मुलं त्या रांगेत उभी राहतात आणि फुटबॉल दुसऱ्याने नेला म्हणून रडतात. दुबई मॉलमधल्या किडझानियात मुलांना खोटे पैसे मिळतात, पण तिथे निदान बेकर किंवा अग्निशामक होऊन काही काम तरी करावं लागतं. आमच्याकडे देवाचं वचन बोललं की मोबदला. मग मुलं काय शिकणार? देव म्हणजे वेळेवर पैसे देणारा मालक.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या कार्डावर 34 टोकनं होती. वडिलांची नोकरी गेली. व्हिसा रद्द झाल्यावर मिळालेल्या मुदतीत त्यांनी घर आवरलं आणि ते नाशिकला परत गेले. त्याच्या शेवटच्या वर्गाच्या दिवशी स्टोअर बंद होतं. "आंटी, हे तुमच्याकडे ठेवा, आम्ही परत आलो तर," असं म्हणून त्याने कार्ड मला दिलं. ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. समाधानाची सगळी वचनं त्याला पाठ होती. पण बाबांची नोकरी जाणं ही देवाची नाराजी नव्हे, इथलं घर व्हिसावर उभं असतं, नोकरीच्या शेवटी जी ग्रॅच्युइटी मिळते ती बक्षीस नसून बाबांचाच हक्क असतो, यातलं एक अक्षर आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. ज्या दिवशी त्याला समाधानाची खरी गरज पडली त्या दिवशी आमच्या धड्यात त्याच्या कामाचं काही नव्हतं.

आखातातली आपली मुलं पैशाबद्दल अडाणी वाढतात, आणि ती तशी आपणच वाढवतो. त्यांना बुर्ज खलिफाची 828 मीटर उंची पाठ असते, घरभाड्याचे चेक वर्षातून किती वेळा जातात ते माहीत नसतं. शाळेची फी, पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता, आजोबांच्या औषधांसाठी एक्स्चेंजमधून पाठवलेले पैसे हे सगळं आपण दार लावून बोलतो. मुलांना फक्त दोन गोष्टी दिसतात : मॉल आणि उपदेश. मॉल म्हणतो घे, उपदेश म्हणतो मागू नको. या दोन्हींच्या मध्ये जो हिशोब असतो तो त्यांना कोणी दाखवत नाही.

यावर चर्चमधल्या हुशार मंडळींनी काढलेला उपाय म्हणजे तीन बरण्या. दान, बचत आणि खर्च. मुलाला पैसे मिळाले की त्याने ते तिन्हींत वाटायचे. टोकनांपेक्षा हे शंभर पटींनी बरं, यात वाद नाही. पण या तीन बरण्यांत एक गृहीत लपलेलं आहे : हातात आलेले सगळे पैसे माझे आहेत, आणि त्यातलं मी देईन तो माझा चांगुलपणा. त्यांच्याआधी एक चौथी बरणी हवी. तिचं नाव फक्त मराठीतच नीट सांगता येतं : देणं.

'देणं' म्हणजे हातातलं दुसऱ्याला देणं, आणि 'देणं' म्हणजे जे फेडायचं बाकी आहे तेही. आपल्या भाषेने दोन्हींना एकच शब्द ठेवला. इंग्रजीत चालणाऱ्या आमच्या वर्गात हा शब्दच नाही, म्हणून तिथे सगळं दान होऊन बसतं. कामवालीला दिवाळीत दिलेली साडी दान, आणि तिचा थकलेला पगारही 'सांभाळून घेतो आम्ही तिला' या खात्यात जमा. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत आम्ही लहानपणी जी प्रभूची प्रार्थना शिकलो तिच्यात पापाच्या जागी 'ऋण' हा शब्द होता. मत्तयाच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही कर्जच. इथे माझ्या वर्गातली मुलं त्या जागी 'सिन्स' म्हणतात. शब्द बदलल्याबरोबर हिशोबाची वही मिटते आणि उरतं ते मनातल्या मनात वाईट वाटणं.

आता ज्या गोष्टींवर आम्ही हा धडा उभा करतो त्यांच्याकडे बघू. सर्वांत लाडकी गोष्ट गरीब विधवेची. तिने मंदिराच्या पेटीत दोन दमड्या टाकल्या आणि येशूने तिचं कौतुक केलं. आम्ही ती पुठ्ठ्याच्या पेटीसह नाटक करून दाखवतो. पण मार्काच्या बाराव्या अध्यायात ही गोष्ट सुरू होण्याच्या अगदी आधी, लांब झगे घालून मिरवणाऱ्या आणि विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर येशूने कोरडे ओढले आहेत. तो भाग आमच्या धड्यात कधीच नसतो. विधवेजवळ दोनच दमड्या का उरल्या, हा प्रश्न मुलांना पडू नये अशा बेताने गोष्ट कापलेली असते.

दुसरा दाखला पौलाचा. विपुलतेत आणि टंचाईत, दोन्हींत समाधानी राहायला आपण शिकलो आहोत, असं तो फिलिप्पैकरांना लिहितो. त्याच्या पुढची ओळ टी-शर्टवर छापलेली मिळते. पण हे पत्र लिहिताना तो कैदेत होता, आणि पत्राचा तो भाग म्हणजे मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीची पोच आहे. म्हणजे समाधानावरचं हे प्रसिद्ध वाक्य पैशांच्या पावतीत आलेलं आहे. आणि पौल ते स्वतःबद्दल बोलतो. समाधान ही प्रथमपुरुषी गोष्ट आहे. 'मी समाधानी आहे' ही साक्ष होते. तेच वाक्य द्वितीयपुरुषात नेलं, 'तू समाधानी राहा' झालं, की पहिला प्रश्न विचारावा लागतो : हे कोण कोणाला सांगतंय?

बायबलमध्ये तसंही सांगितलेलं आहे, नाही असं नाही. पण लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान 'आपल्या पगारात समाधान माना' असा उपदेश कोणाला करतो? शिपायांना. लोकांना धाक दाखवून पैसे उकळू नका, हे त्याच दमात सांगून. ज्याच्या हातात दुसऱ्याला लुबाडण्याची ताकद आहे त्याला समाधान शिकवलं आहे. आणि ज्याच्या हातात ताकद नाही त्याच्याबद्दल शास्त्र काय म्हणतं? मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांत गुंतलेला आहे. हे अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. त्याला समाधानी राहायला सांगा, असं तिथे म्हटलेलं नाही.

आपल्याकडेही वेगळं काय झालं? तुकोबांच्या नावावर आपण आयुष्यभर 'असेल तसे राहा' एवढंच खपवतो. देव ठेवील तसं राहण्याचा त्यांचा अभंग गिरणी कामगारापासून घरकामाच्या बाईपर्यंत सगळ्यांना ऐकवून झाला आहे. पण परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. तुकोबांचं घराणं सावकारी करणारं. वैराग्य आल्यावर त्यांनी घरातली कर्जखतं काढली, भावाच्या वाट्याची अर्धी त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. म्हणजे ज्या माणसाच्या तोंडचं समाधान आपण कर्जदाराला ऐकवतो, त्याने स्वतः आधी सावकार म्हणून हात रिकामे केले. जक्कय जकातदाराचंही तेच : अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. देहूत काय आणि यरीहोत काय, समाधानाची सुरुवात वही फाडण्यापासून झाली आहे. आपण मात्र वही कपाटात ठेवून फक्त अभंग म्हणतो.

मुलांना समाधान शिकवण्याच्या नावाखाली काय शिकवलं जाऊ शकतं याचा जुना पुरावा चर्चच्याच गीतांत आहे. 1848 साली सेसिल फ्रान्सेस अलेक्झांडर यांचा लहान मुलांसाठीच्या गीतांचा संग्रह निघाला. त्यातलं 'ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्यूटिफुल' आजही जगभरच्या शाळांत म्हटलं जातं. त्यात एक कडवं होतं. वाड्यातला श्रीमंत आणि फाटकापाशी उभा असलेला गरीब यांची पायरी देवानेच ठरवून दिली, असा त्याचा भाव. 1906 च्या 'इंग्लिश हिम्नल'मध्ये पर्सी डिअरमर यांनी ते कडवं गाळलं, आणि आज बहुतेक ठिकाणी ते छापलं जात नाही. कागदावरून ते गेलं. आमच्या कॉरिडॉरमध्ये ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेलं असतं.

रविवारच्या शाळेचा जन्मच मुळी उलट्या बाजूने झाला होता, हे तर आम्ही साफ विसरलो. 1780 मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स यांनी ही शाळा नावारूपाला आणली ती आठवड्याचे सहा दिवस कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी. रविवारच का? कारण त्यांना तेवढाच वार मोकळा. शिकवायचे काय? आधी वाचायला. म्हणजे ही संस्था निघाली ती दीदीच्या मुलांसाठी, जी आज कुठल्या तरी लांबच्या गावात आजीपाशी वाढत आहेत. त्यांची आई इथे दुसऱ्याच्या मुलीला घेऊन येते आणि दाराबाहेर बसते. तिच्या भाषेतली उपासना त्याच वेळी दुसरीकडे चालू असते.

त्या दिवशी मी वर्गात धडा थोडा पुढे नेला. मुलांना म्हटलं, या आठवड्यात घरी एक गोष्ट विचारून या : आपल्या घरातून कोणाकोणाला पैसे द्यायचे असतात, आणि ते कोणत्या तारखेला? बस, एवढंच. वर्ग सुटल्यावर त्या मुलीने दारातच आईला विचारलं, "दीदीचा पगार कधी असतो?" आईने मुलीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात मला सांगण्यात आलं की घरातल्या बाबी वर्गात आणू नयेत, आपण पाठ्यक्रमाला धरून राहावं. मी अजून वर्ग घेते. तो धडा मात्र यंदा दुसऱ्याकडे दिला आहे.

माझ्याविरुद्ध जे म्हटलं गेलं त्यात तीन गोष्टी विचार करण्यासारख्या आहेत.

पहिली : मुलं लहान आहेत, त्यांच्यावर पैशाचं ओझं कशाला? मला हे खोटं वाटतं. सात वर्षांच्या मुलाला कोणाचा टॅब नवा, कोणाची गाडी मोठी, कोणाचा वाढदिवस कोणत्या हॉटेलात झाला हे बिनचूक कळतं. पैशाचं ज्ञान त्याला आहेच. त्याला नाही ते पैशाच्या दुसऱ्या टोकाचं ज्ञान. आणि ओझं कर्ज सांगितल्याने येत नाही, लपवल्याने येतं. दाराआडची कुजबुज मुलं ऐकतात आणि उरलेलं भीतीने भरून काढतात.

दुसरी : आपण या देशात पाहुणे आहोत, असले विषय चर्चमध्ये नकोत. कृतज्ञता मलाही कळते. 1967 मध्ये दुबईत सेंट मेरीज चर्च उभं राहिलं ते शेख राशिद यांनी दिलेल्या जागेवर. कितीतरी मंडळ्या इथे निर्धास्तपणे उपासना करतात. पण मी या देशाला काही विचारतच नाही. मी आपल्याला विचारते आहे. या देशाचा कायदा तर आपल्या धड्याच्या पुढे आहे. कंपन्यांना पगार नोंद राहील अशा मार्गानेच द्यावा लागतो, ती वेतन संरक्षण व्यवस्था 2009 मध्ये आली. घरकामगारांसाठी 2017 मध्ये स्वतंत्र कायदा झाला, त्याच्या जागी 2022 चा आला. आठवड्याची भरपगारी सुट्टी, रोजची विश्रांती, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क हे त्यात लिहिलेलं आहे. सरकार लिहून सांगतं ते आठ वर्षांच्या मुलीने विचारलं की राजकारण कसं होतं?

तिसरी हरकत सगळ्यात खरी : आपणही इथे कोणाच्या तरी हाताखालीच आहोत. कधी कोणाचा पगार थकतो, कधी कपात होते. आम्हालाच समाधान सांगावं लागतं, आम्ही कोणाचे सावकार? हे मला मान्य आहे. पण साखळीत आपल्या वरती कोणी असलं म्हणून खालचं कोणी नाहीसं होत नाही. उलट ज्याला उशिरा आलेल्या पगाराचा अनुभव आहे त्याच्याच घरी दीदीचा पगार एक तारखेला व्हायला हवा.

शिवाय नुसता मोठेपणाही पुरत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक पैशाच्या बाबतीत विरक्त माणूस. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरीही सोडली. पण त्या विरक्तीचा घरखर्च कोणी निभावला ते वाचायचं तर लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' उघडावं. हसत हसत लिहिलेलं आहे, म्हणून ते झोंबत नाही इतकंच. एकाचं समाधान दुसऱ्याच्या काटकसरीवर चालत असेल तर त्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. लक्ष्मीबाईंना लिहिता येत होतं म्हणून ती झाली.

मग करायचं काय? टोकनं बंद करा, आजपासून. वर्गात फुटबॉल ठेवायचा तर सगळ्यांनी खेळायला ठेवा. वर्गात गरिबांसाठी डबा फिरवू असं म्हणाल, तर इथे परवानाधारक संस्थांशिवाय कोणालाही देणग्या गोळा करता येत नाहीत, 2021 चा तसा कायदा आहे. मला ही अडचण वाटत नाही. दूरच्या गरिबाला डबा पाठवून मोकळं होण्याची वाट त्याने बंद केली, आता घरातच बघावं लागेल.

मिझोराममधल्या मंडळ्यांत 1910 पासून एक रीत आहे. प्रत्येक स्वयंपाकाला तांदूळ घेताना घरातली बाई त्यातली मूठभर आधी बाजूला काढते आणि ते तांदूळ चर्चच्या कामासाठी जातात. तिथलं मूल रोज बघतं की जेवायच्या आधी, भूक लागलेली असताना, भांड्यातून काही बाजूला निघतं. उरलेलं निघत नाही. हे बघायला धडा लागत नाही, आईच्या शेजारी उभं राहावं लागतं.

आपल्याकडे तांदळाच्या जागी पगाराचा दिवस आहे. त्या दिवशी मुलांना टेबलाशी बसवा आणि एका कागदावर आधी देणी लिहा : भाडं, फी, हप्ता, आजी-आजोबा, आणि दीदी. तिच्या नावापुढे रक्कम, तारीख आणि सुट्टीचा वार. पैसे तिच्या हातात किंवा खात्यात जातील तेव्हा मूल तिथे असू द्या, आणि तिला 'थँक यू म्हण' असं सांगू नका. थँक यू म्हणायचं असेल तर मुलाने म्हणावं. कागदावरची देणी संपल्यावर जे उरेल ते आपलं. त्यात दान करा, बचत करा, खर्च करा, तीनच काय दहा बरण्या मांडा. आणि उरलेलं कमी असेल तर मुलाला ते कमी आहे असं सांगा. समाधानाचा धडा त्या आकड्यासमोर बसून सुरू होतो.

त्या मुलीची आई मला परवा पार्किंगमध्ये भेटली. बोलणं जुजबीच झालं. मुलगी मात्र गाडीच्या खिडकीतून ओरडून म्हणाली, "आंटी, शुक्रवारी!" सुट्टीचा वार असेल, पगाराचा असेल, नक्की कशाबद्दल ते मला कळलं नाही, आईसमोर विचारताही आलं नाही. पण त्या दिवशी मागच्या सीटवर दीदी नव्हती, आणि वार शुक्रवार होता.